शीर सापडेपर्यंत

वंदनाताई माणसाच्या चेहऱ्याकडे नंतर बघायच्या, आधी हाताकडे. कुणी नवीन भेटलं की त्यांची नजर मनगटावरून वर सरकत कोपराच्या खळीशी थांबायची, आणि मग त्या डोळे वर करून हसायच्या. एकवीस वर्षं त्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त काढायचं काम करत होत्या. अमेरिकेतल्या आमच्या मॉरिसव्हिल गावातल्या निम्म्या मराठी लोकांच्या शिरा त्यांना पाठ होत्या. कुणाचं नाव आठवलं नाही तर म्हणायच्या, "तो गं, ज्याच्या उजव्या हाताला दोरीसारखी शीर आहे आणि डावा हात अगदीच बेकार."

माझा हात बघून त्या पहिल्याच भेटीत म्हणाल्या, "तुझी शीर लाजरी आहे. बोट लावलं की आत पळेल बघ." मला ते आवडलं नाही. त्या फक्त हाताबद्दल बोलत होत्या, पण मला तसं वाटलं नाही.

ही भेट किराणा दुकानात झाली. आई नुकतीच नागपूरहून सहा महिन्यांसाठी आली होती. बाबा जाऊन दीड वर्ष झालं होतं. मी एकुलती एक, त्यात नोकरीसाठी इतक्या लांब. मी वर्षभर सुट्ट्या साठवल्या होत्या, कारण मला आई हवी होती, माझी एकटीची. आमच्या घरात बोलायचं काम बाबा करायचे. आई महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होती, संध्याकाळी दमून यायची, माझा गृहपाठ बघायची आणि झोपायची. सत्तावीस वर्षांत तिच्याबद्दल मला जे माहीत होतं ते एका कागदावर मावलं असतं. या सहा महिन्यांत मी ते सगळं विचारणार होते. कधीपासून, कसं, ते ठरवलं नव्हतं.

दुकानात आई कोथिंबीर निवडत होती. तिच्या फोनच्या पारदर्शक कव्हरमध्ये निळ्या कोटातला तो फोटो असतो, आमच्या घराघरात असतो तो. मधल्या कपाटापलीकडून एक बाई वळल्या. आधी आईच्या हाताकडे बघितलं, मग फोनकडे, आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "जय भीम, ताई!"

"जय भीम!" आई म्हणाली. तितक्याच मोठ्याने. आईचा आवाज एवढा चढलेला मी कधी ऐकला नव्हता.

मी पोह्यांचं पाकीट उचलून मागची घटकांची यादी वाचायला लागले. यादीत पोहे हा एकच घटक होता. तो मी तीनदा वाचला. माझ्या ऑफिसात तीन मराठी लोक आहेत आणि त्यांना मी फक्त माझं पहिलं नाव सांगितलेलं आहे, तेही अर्धं. प्रज्ञा म्हणायला गोऱ्यांना जड जातं म्हणून मी 'प्रा' झाले, आणि आडनाव विचारायची वेळ येण्याआधी विषय बदलायला शिकले. मला कुणी कधी काही बोललं नव्हतं. बोलायची संधीच मी कुणाला दिली नव्हती.

त्या बाई मात्र तिथे कोथिंबिरीपाशी उभ्या राहून आईला विचारत होत्या, "नागपूरच्या का? मी बी नागपूरचीच. कोण्या भागातल्या?" पाचव्या मिनिटाला आई म्हणाली, "हाव ना वं, मले बी इथची थंडी सोसत नाही." मी पाकिटावरून मान वर केली. 'मले'? आमच्या घरात 'मला' होतं. पुस्तकातलं, स्वच्छ. माझ्याशी मराठी बोलताना आई नेहमी जरा जपून बोलायची, पाहुण्यांच्या कपात चहा ओतावा तशी. या बाईसमोर पाच मिनिटांत तिने तो कप बाजूला ठेवला होता.

मी त्यांना "काकू" म्हटलं. त्यांनी डोळे वटारले. "काकू म्हटलंस तर दोनदा टोचीन. ताई म्हण."

पंधरा दिवसांनी आईच्या साखरेची तपासणी करायची ठरली. वंदनाताईंच्याच लॅबमध्ये. आई इंजेक्शनला आयुष्यभर घाबरत आलेली. वंदनाताईंनी तिला खुर्चीत बसवलं, हातमोजे चढवले आणि अगदी परक्या आवाजात विचारलं, "पूर्ण नाव? जन्मतारीख?"

"अगं, परवा तर पुरणपोळी खाऊन गेलीस ना माझ्या हातची," आई म्हणाली.

"पूर्ण नाव सांगा, कुसुमताई. नळीवर चुकीचं नाव गेलं तर तुमची साखर दुसऱ्याच्या घरी जाईल."

हा त्यांचा नियम होता. समोर स्वतःचा नवरा बसला तरी नाव आणि जन्मतारीख त्याच्या तोंडून वदवून घ्यायच्या. सगळीकडे तसाच नियम असतो म्हणे, पण त्या तो पूजेसारखा पाळायच्या. पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव. आईने तिन्ही सांगितली. माझी नजर नकळत वेटिंग रूमकडे गेली, कुणी मराठी बसलंय का बघायला.

दुसरा नियम त्यांचा स्वतःचा होता. सुई टोचायच्या नेमक्या क्षणी त्या एक प्रश्न विचारायच्या. "जेवलात का?" असला नाही. ज्याला खरं उत्तर द्यावं लागेल असा. "बोलत राहा," म्हणायच्या, "बोलणाऱ्याला सुई कळत नाही." लोक बोलायचे. त्यांना मॉरिसव्हिलच्या शिरांसोबत आणखी काय काय माहीत होतं, ते देव जाणे.

आईला त्यांनी काय विचारलं ते मी ऐकलं नाही, कारण नेमक्या त्या वेळी विम्याचं कार्ड आणायला मी गाडीकडे गेले होते. परत आले तर दारातूनच आईचं हसणं ऐकू आलं. कोपर दुमडून, कापसाचा बोळा दाबून ती काहीतरी सांगत होती, डोळ्यांत पाणी येईतो हसत. मी आत गेले आणि ती थांबली.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. जुनं."

वंदनाताई नळीवर लेबल चिकटवत होत्या. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. गाडीत मी पुन्हा विचारलं. आई म्हणाली, "सिग्नल हिरवा झाला बघ."

त्या दिवसापासून मला त्यांचा हेवा वाटायला लागला. वरवरचा नाही, पोटात बसलेला. फोन वाजला आणि आईचा आवाज बदलला की मला कळायचं कुणाचा आहे. मग मी दुसऱ्या खोलीत जाऊन दार लोटायची आणि दाराशीच उभी राहायची.

डिसेंबरात आम्ही कोस्टा रिकाला जाणार होतो. आमच्याकडच्या मराठी मंडळाची ही सहल होती, चौदा जण, संजयदादा नावाचे पुण्याचे एक गृहस्थ ती जमवायचे. अमेरिकेचा व्हिसा असला की तिथला वेगळा लागत नाही, त्यामुळे आईवडील आले की आपले लोक त्यांना तिथेच नेतात. गटाबरोबर जायला मी तयार झाले, कारण गटात मी एका कोपऱ्यात आईला घेऊन बसू शकले असते. मी तशी यादीच केली होती. केळीचे मळे, कॉफीचे मळे, पावसाचं जंगल, आणि प्रत्येक बस प्रवासात आईला विचारायची एक गोष्ट. दहा दिवस आधी आई म्हणाली, "वंदनाला पण यायचंय. तिला कधीच सुट्टी मिळत नाही, बिचारीला. मी तिला चल म्हटलं."

बिचारी. मी वर्षभर सुट्ट्या साठवल्या ते कुणाला दिसलं नाही.

बसमध्ये वंदनाताईंना खिडकी लागायची. आईला वंदनाताई लागायच्या. मी मागच्या सीटवर संजयदादांच्या बायकोशेजारी. शुभदाताई चांगल्या होत्या, भडंगाचा डबा सतत पुढे करायच्या. पहिल्याच तासात त्यांनी विचारलं, "प्रज्ञा, तुम्ही मूळचे कुठले? आडनाव काय म्हणालीस?" मी खिडकीबाहेर बोट दाखवून म्हटलं, "ते बघा, केळी!" त्यांनी बघितलं. मी सुटले.

केळी खरंच होती. मैलोन्‌मैल, दोन्ही बाजूंना, प्रत्येक घडावर निळी प्लास्टिकची पिशवी. एका ठिकाणी बस थांबली कारण रस्त्याच्या वरून जाणाऱ्या तारेवर टांगलेले घड एकामागून एक, आगगाडीच्या डब्यांसारखे, रस्ता ओलांडत होते. एक माणूस कमरेला पट्टा बांधून ती सगळी ओळ एकटा ओढत होता.

"मी तं म्हटलं वं, पिशव्या काऊन घातल्या?" पुढच्या सीटवरून आईचा आवाज.

"कीड लागू नाही म्हणून. अन् त्या माणसाचे हात पाहा कुसुमताई. काय शिरा आहेत! अंधारात बी सापडतील."

"खांदे पाह्य त्याचे," आई म्हणाली. "रात्री झोपू देत नसतीन."

ती हे अशा तऱ्हेने म्हणाली की वंदनाताईंनी आईच्या गुडघ्यावर हात ठेवला. मी सीटच्या फटीतून तो हात बघत राहिले. ओढणाऱ्या माणसाचे खांदे आईला कसे काय माहीत, हे मला तेव्हा विचारावंसं वाटलं नाही. मला फक्त तो हात दिसत होता.

जंगलात झुलते पूल होते. झाडांच्या शेंड्यांमधून जाणारे, खाली धुकं, आणि धुक्याखाली किती खोल ते दिसू नये इतकं खोल. सकाळी माकडं ओरडत होती, एवढ्याशा प्राण्यातून इतका मोठा आवाज येईल यावर विश्वास बसत नाही. वाटाड्याने झाडावर एक स्लॉथ नावाचा अतिसंथ प्राणी दाखवला, ओल्या गोणपाटासारखा लोंबणारा. संजयदादा म्हणाले, "आमच्या मॅनेजरसारखा आहे. काम करतोय की झोपलाय ते कळत नाही." सगळे हसत पुलावर चढले. वंदनाताई चढल्या नाहीत.

त्यांना उंचीची भीती वाटत होती. एकवीस वर्षं दुसऱ्यांच्या हातांत सुया खुपसणारी ही बाई पुलाच्या तोंडाशी तारेला दोन्ही हातांनी धरून पांढरी पडली होती. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. मी मनात म्हटलं, आता ही इथेच बसेल, आणि पलीकडे मी आणि आई जाऊ.

आई मागे वळली. तिने वंदनाताईंचा हात तारेवरून सोडवला, स्वतःच्या हातात घेतला आणि पुलावर पहिलं पाऊल टाकल्याबरोबर विचारलं, "वंदना, अमेरिकेत आल्यावर तू सगळ्यात पहिलं खोटं काय बोललीस?"

त्यांचाच डाव. वंदनाताई अर्धं हसल्या, अर्धं कण्हल्या.

"बोलत राहा," आई म्हणाली. "खाली पाहू नको."

मी त्यांच्या मागे तीन पावलांवर होते. पूल हलत होता. वंदनाताईंनी पायांकडे न बघता सांगितलं, की हॉस्पिटलात पहिली चार वर्षं त्या 'वेंडी' होत्या. छातीवरच्या बिल्ल्यावर तसंच लिहिलेलं. "कोणी सक्ती नाही केली वो. मीच म्हटलं, वेंडी म्हणा, सोपं पडते. मग एक दिवस एका म्हाताऱ्या पेशंटनं मले विचारलं, तुझं खरं नाव काय? मी रोज शंभर लोकांचं पूर्ण नाव विचारतो, अन् मले माझं सांगाले लाज वाटली, कुसुमताई. त्याच्यापुढे तोंडातून निघेच ना." मग त्यांनी बिल्ला बदलून घेतला. नवीन बिल्ला मिळायला तीन आठवडे लागले, म्हणून मधले दिवस त्यांनी चिकटपट्टीवर पेनाने लिहून लावलं. वंदना.

पूल संपला. त्यांनी मागे वळून बघितलं, मी दिसले. "आलीस का? अर्धी भीती तुला वाटून टाकायला हवी होती," म्हणाल्या. मी हसले नाही. गळ्यातली ओळखपट्टी मी शर्टाच्या आत सरकवली. सहलीच्या ओळखपट्टीवर मी स्वतःच 'प्रा' लिहिलं होतं.

चौथ्या दिवशी कॉफीचा मळा. टेकडीच्या उतारावर लाल फळांनी लगडलेली झुडपं, आणि आम्हा पर्यटकांसाठी एक खेळ. प्रत्येकाच्या कमरेला एक टोपली बांधायची, पंधरा मिनिटं फळं तोडायची, कोण जास्त तोडतं ते बघायचं. अट एकच. फक्त लाल. हिरवं फळ तोडलं की बाद. मळ्यावरचा वाटाड्या मारियो, त्याचं इंग्रजी छान होतं, त्याने शिट्टी वाजवली.

मी एका हाताने फांदी धरून दुसऱ्या हाताने एकेक फळ काढत होते. संजयदादांनी तिसऱ्या मिनिटाला फोटो काढायला सुरुवात केली होती. मग आजूबाजूचं बोलणं हळूहळू थांबलं, म्हणून मी वर बघितलं.

आई दोन्ही हातांनी तोडत होती. तिने टोपली कमरेवरून पुढे, पोटावर घेतली होती. साडीचा पदर खोचलेला. दोन्ही हात वेगवेगळ्या फांद्यांवर, एकमेकांकडे न बघता चालत होते, आणि बोटं फळापाशी थांबतसुद्धा नव्हती, नुसती स्पर्श करून पुढे जात होती आणि टोपलीत टपटप पडत होतं. एका झुडपाची एक बाजू संपली की ती पाय न उचलता कमरेतून वळत होती. तिचा चेहरा मी ओळखला नाही. तो दमलेला नव्हता, आनंदीही नव्हता. तो कामात होता.

पंधरा मिनिटं झाली. मारियोने तिची टोपली उचलून बघितली, हात घालून वरखाली केली. एकही हिरवं नाही. त्याने टोपी काढली. मग माझ्याकडे वळून इंग्रजीत विचारलं, "तुझी आई हे कुठे शिकली?"

नेहमी असंच होतं. विमानतळावर, डॉक्टरकडे, हॉटेलात लोक आईबद्दल मला विचारतात आणि मी सांगते. मी हसून इंग्रजीत म्हटलं, "छे, तिने पूर्वी कधी केलेलं नाही. तिच्या वडिलांची मोठी शेती होती, पण ती शिक्षिका आहे. सहज गंमत म्हणून करतेय."

आईला इंग्रजी बोलता येत नाही फारसं. पण कळतं. शिक्षिका आहे ती.

तिने पदर सोडला, सारखा केला आणि माझ्याकडे न बघता मारियोला म्हणाली, "नो. आय वर्क. कॉटन. स्मॉल गर्ल. अदर पीपल्स फार्म." मग हाताने उंची दाखवली, गुडघ्याच्या जरा वर. एवढी होते तेव्हापासून.

मारियोने मान डोलावली. "मीसुद्धा," तो म्हणाला आणि स्वतःचा हातही तेवढ्याच उंचीवर धरला. दोघं एकमेकांकडे बघून हसले. शुभदाताई कॅमेरा खाली करून माझ्याकडे बघत होत्या, आईकडे नाही. आणि मी वंदनाताईंकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. फक्त त्यांच्याच चेहऱ्यावर नव्हतं.

फळं धुवायच्या हौदापाशी मी त्यांना गाठलं. "तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"कधीपासून?"

"रक्त काढलं तेव्हापासून."

"तुम्ही तिला विचारलंत तरी काय त्या दिवशी?"

"मी काहीच नाही विचारलं गं. माझी प्रश्न विचारायची वेळ यायच्या आधीच झालं ते. तुला ठाऊक आहे ना, बाकीचे पट्टी लावतात, मला बोळ्याला कापूसच लागतो. मी बोळा तिच्या हातात दिला आणि शीर शोधत होते. तर तिने तो दोन बोटांत धरून ओढला, असा, हळूच, आणि म्हणाली, धागा आखूड आहे, हलक्या प्रतीचा कापूस. मी म्हटलं, ताई, हे कुठं शिकलात? मग ती बोलत सुटली. सुई गेली कधी, निघाली कधी, तिला कळलंच नाही."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"मी काऊन सांगू? गोष्ट तिची आहे."

"मी तिची मुलगी आहे!" मी ओरडले. मी आयुष्यात अशी ओरडले नव्हते. "सगळं तुम्हालाच का सांगते ती? तुमच्याशी बोलते तशी माझ्याशी कधी बोलत नाही. मी वर्षभर वाट बघितली. तुम्ही कोथिंबीर घ्यायला आला होतात फक्त!"

दुसऱ्या कुणी मला जवळ घेतलं असतं, किंवा उपदेश केला असता. वंदनाताईंनी माझा हात धरला, उलटा केला, आणि कोपराच्या खळीत अंगठा दाबून बघितलं. सवयीने. बहुतेक त्यांनाही कळलं नसावं त्या काय करताहेत ते.

"आत्ता दिसतेय बघ," त्या म्हणाल्या. "रागावलीस की वर येते."

मी हात ओढून घेतला.

दुसऱ्या दिवशी न्याहारीला आई माझ्या टेबलावर एकटी येऊन बसली. वंदनाताई मुद्दाम लांबच्या टेबलावर शुभदाताईंजवळ होत्या, पाठ करून. आईने पपईची फोड माझ्या ताटलीत ठेवली.

"तू दुसरीत होतीस," ती म्हणाली. "इंग्रजीत निबंध होता. माय मदर. तू लिहिलंस, माझ्या आईच्या वडिलांचं मोठं शेत आहे, त्यात पांढरा कापूस फुलतो. मी तुला सांगितलं होतं की लहानपणी मी कापसाच्या शेतात असायची. तू शेत आपलं करून टाकलंस. तुझ्या टीचरने त्यावर तारा चिकटवला होता, चकचकीत, सोनेरी. तू तो निबंध घेऊन घरभर नाचलीस."

"मग तू मला का नाही सांगितलंस?"

"सांगणार होते. म्हटलं, तारा राहू दे आजच्या दिवस. उद्या सांगू. मग तू मैत्रिणींना सांगितलंस. मग बाबांनी फ्रेम केली." ती पपई खात राहिली. "वीस वर्षं झाली त्या उद्याला."

माझं मोठं शेत. मी कालसुद्धा ते मारियोला सांगितलं होतं, त्याच वाक्यात, जवळजवळ त्याच शब्दांत.

"किती तोडायचीस दिवसाला?" मी विचारलं. माझ्या यादीत हा प्रश्न नव्हता.

आईने काटा खाली ठेवला. "मी लहान होती ना, मले दोन ओळी देत," ती म्हणाली, आणि 'मले' म्हटल्याचं तिच्या लक्षात आलं नाही, की आलं आणि तिने बदललं नाही. बस सुटायची शिट्टी झाली तरी आम्ही उठलो नव्हतो. संजयदादा दोनदा बोलवायला येऊन गेले.

यानंतर मी वंदनाताईंवर प्रेम करायला लागले, असं लिहिता आलं तर छान वाटेल. तसं झालं नाही. परतीच्या बसमध्ये आई माझ्याजवळ बसली, दोन तास बोलली, आणि मध्येच पुढच्या सीटवर वाकून म्हणाली, "वंदना, तो मुकादमाचा किस्सा कसा होता वं, मी तुले सांगतला तो?" आणि वंदनाताईंनी तो मला सांगितला, आईपेक्षा चांगला. माझ्या आजोबांच्या लग्नातल्या टोपीपर्यंत सगळं त्यांना माहीत होतं. माझ्याच घरात मी उशिरा पोहोचलेली पाहुणी होते आणि या बाई दार उघडून मला आत घेत होत्या. याचे आभार मानायचे असतात. मला मानता आले नाहीत.

मार्चमध्ये आई परत गेली. विमानतळावर तिने मला पोटाशी धरलं, मग वंदनाताईंना. मी सेकंद मोजले. त्यांना जास्त मिळाले. आता ती रविवारी आधी मला फोन करते, मग त्यांना. हे मी तिला विचारून घेतलं आहे.

वंदनाताई मिशिगनला जायच्या होत्या, त्यांच्या मुलाला तिथल्या नोव्हाय शहरात गाड्यांच्या कंपनीत नोकरी लागली म्हणून. त्यांच्या लॅबमधल्या शेवटच्या आठवड्यात माझी वार्षिक तपासणी निघाली. तारीख पुढे ढकलता आली असती. मी ढकलली नाही.

वेटिंग रूममध्ये माझ्या ऑफिसातला पुण्याचा एक मुलगा बसला होता. आम्ही एकमेकांना हाय केलं. आत यायला पडदाच होता फक्त, दार नव्हतं.

"पूर्ण नाव?" वंदनाताईंनी विचारलं. परका आवाज, हातमोजे. "जन्मतारीख?"

पडद्यापलीकडे खुर्ची करकरली. मी नाव सांगितलं. तिन्ही नावं, आवाज न उतरवता. त्यांनी लेबलाशी ताडून बघितलं, मान डोलावली, जणू रोजच ऐकतात. रोजच ऐकतात त्या.

पट्टा आवळला. अंगठा खळीत फिरवला. एकदा, दोनदा. "पळाली," त्या म्हणाल्या. "थांब." त्यांना घाई नव्हती. मग त्यांनी न बघताच विचारलं, "अजून माझा राग आहे?"

"राग नाही," मी म्हटलं. "हेवा वाटतो."

"अजून?"

"हो. रविवारी जास्त. ती तुमच्याशी हसते ते मला इथपर्यंत ऐकू येतं, ती तिकडे नागपुरात असली तरी. मला ते हसणं हवंय. थोडं मिळतं आता, पण मला सगळं हवंय."

"हं," त्या म्हणाल्या. "वाटू दे. मला पण तुझा वाटतो."

"माझा? कशाचा?"

"झालं. दाबून धर."

सुई केव्हाच निघाली होती. त्यांनी माझ्या कोपरात कापसाचा बोळा ठेवला, हात दुमडला आणि नळीवर लेबल चिकटवायला वळल्या. मी पडदा सारून बाहेर आले तेव्हा त्या माझ्या मागोमाग आल्या, हातात पुढची चिठ्ठी, आणि दारात उभ्या राहून एक लांबलचक नाव वाचायचा प्रयत्न करायला लागल्या. कुठल्या देशाचं होतं कोण जाणे, नुसती व्यंजनं होती. कोपऱ्यातला एक म्हातारा उठला आणि ओशाळून इंग्रजीत म्हणाला, "राहू द्या, मला सॅम म्हणा."

"नो, नो," वंदनाताई म्हणाल्या. त्यांच्या छातीवर बिल्ला होता, वंदना लिहिलेला. "पूर्ण सांगा. हळू. मी शिकते."

तो सांगत होता आणि त्या एकेक अक्षर त्याच्या मागून म्हणत होत्या, चुकत होत्या, पुन्हा म्हणत होत्या. लिफ्ट आली तरी मी तिथेच उभी होते. बोटं नकळत चाळा करत होती. खाली बघितलं तर मी तो बोळा दोन बोटांत धरून हळूच ओढून बघत होते.

धागा आखूडच होता.